घरातील भिंतीवर रेखीव उभे पट्टे कसे रंगवावेत

दिवाळीच्या आधी घर रंगवायला काढले की बैठकीची एखादी भिंत पट्ट्यांची करावी, अशी हौस आता आपल्या खेड्यांतही दिसू लागली आहे. भिंतीवरचा पट्टा आपल्या भागाला नवा नाही. पांढऱ्या मातीने पोतारलेल्या भिंतीच्या पायथ्याशी गेरूचा रुंद पट्टा ओढण्याची रीत जुनीच आहे, आणि तो हाताने ओढलेला असल्यामुळे थोडा खालीवर झाला तरी शोभून दिसतो. पुट्टी घासून गुळगुळीत केलेल्या भिंतीवरील उभ्या पट्ट्यांना मात्र ही सवलत मिळत नाही; तेथे दोन सुतांचा (पाव इंचाचा) फरकही खोलीत पाऊल टाकणाऱ्याच्या नजरेत भरतो. पट्टा सरळ येणार की वाकडा, हे बहुतांशी रंगाचा डबा उघडण्याआधीच ठरून गेलेले असते, म्हणून या लेखात रंगकामापेक्षा तयारीविषयी अधिक लिहिले आहे.

सर्वांत आधी भिंत तपासावी. कोरड्या तळव्याने भिंत घासून पाहावी. हाताला पांढरी भुकटी लागली तर ती भिंत चुन्याची किंवा साध्या डिस्टेंपरची आहे आणि तिच्यावर मास्किंग टेप (पट्ट्याची कड सरळ यावी म्हणून रंगवताना तात्पुरती लावायची चिकटपट्टी) चालणार नाही, कारण टेप ओढताना रंगाचे पापुद्रे तिच्याबरोबर निघून येतात. अशा भिंतीचा जुना थर पत्तीने खरवडून, प्रायमर व पुट्टी करून मगच पट्ट्यांचा विचार करावा. मातीच्या भिंतीवर हा खटाटोप करूच नये, असे माझे मत आहे. तिला गेरूचा हाताने ओढलेला पट्टाच खुलतो. सिमेंटची छपाई नवी असेल तर ती निदान २८ दिवस मुरू द्यावी. भिंत योग्य वाटली तरी कोपऱ्यात टेपचा वीतभर तुकडा चिकटवून तासाभराने ओढून पाहावा आणि तुकडा स्वच्छ निघाला तरच पुढे जावे.

आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया उथळ असलेल्या घरांच्या भिंतींना चिरा पडतात. एकरंगी भिंतीवर बारीक चीर फारशी जाणवत नाही, पण पट्ट्याच्या कडेला तिरपी कापत जाणारी चीर लपत नाही. अशी चीर पत्तीच्या टोकाने थोडी रुंद करून, आतील धूळ झटकून, पाण्याचा हात फिरवून पुट्टीने भरावी आणि वाळल्यावर १५० किंवा १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावी. नंतर मोबाइलचा दिवा भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरावा. समोरून न दिसणारे खळगे आणि उंचवटे त्या तिरप्या उजेडात सावलीसह उठून दिसतात. टेप खळग्यावरून पुलासारखी जाते आणि रंग नेमका तिच्याखालून शिरतो, म्हणून ही तपासणी टाळू नये. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत लोणा (ओलीमुळे येणारा खारा पांढरा थर) लागलेला असेल तर त्यावर कोणताही रंग टिकत नाही. ओल कोठून येते ते आधी शोधून थांबवावे. उन्हाळ्यात कूलरचा ओलसर झोत ज्या भिंतीवर सतत येतो, तीही या कामासाठी निवडू नये.

हंगामाचा विचार येथे फार महत्त्वाचा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना रंग रोलरवरच आटू लागतो, एका हाताचा रंग दुसऱ्या हाताशी नीट मिसळत नाही आणि टेपचा डिंक भिंतीवर चिकटून राहतो. भर पावसाळ्यात याच्या उलट, रंग लवकर वाळतच नाही. पाऊस उघडल्यानंतर दसऱ्याच्या आसपासचे दिवस सर्वांत चांगले. सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या आरंभीची शेतातील पूजा, होऊन वेचणी सुरू झाली आणि घरात कापसाचा ढीग येऊन पडला की हे काम हाती घेऊ नये, कारण उडणारे तंतू ओल्या रंगावर बसतात आणि वाळल्यावर निघत नाहीत.

पट्टे उभे असावेत की आडवे, हे छतावरून ठरवावे. स्लॅबच्या खोलीत उभे पट्टे भिंतीची उंची वाढल्यासारखी दाखवतात. टिनाच्या किंवा कवेलूच्या (कौलांच्या) उतरत्या छताखालील भिंतीची वरची कड मात्र तिरपी असते, त्यामुळे उभ्या पट्ट्यांची उंची एकीकडून दुसरीकडे कमी होत जाते आणि भिंत कलल्यासारखी भासते. तेथे छताच्या खालच्या कडेच्या उंचीपर्यंत दोन किंवा तीन आडवे पट्टे घ्यावेत आणि त्यांची पातळी फरशीपासून मोजून न घेता गवंड्याच्या पाण्याच्या नळीने घ्यावी, कारण फरशीला बहुधा उतार असतो. यापुढील सूचना उभ्या पट्ट्यांसाठी आहेत.

आता हिशोब. पट्ट्यांची एकूण संख्या नेहमी विषम धरावी, म्हणजे दोन्ही कोपऱ्यांत एकच रंग येतो. समजा भिंत १२ फूट, म्हणजे १४४ इंच रुंद आहे. ११ इंचांचे १३ पट्टे धरले तर १४३ इंच होतात आणि एक इंच उरतो. तो दोन्ही टोकांच्या पट्ट्यांत अर्धा-अर्धा वाटून द्यावा. टोकाचे पट्टे मूळ भिंतीच्याच रंगाचे ठेवावेत. असे केल्याने कोपऱ्यात टेप लावण्याची कटकट वाचते आणि कोपरा ओळंब्यात, म्हणजे अगदी उभ्या रेषेत, नसला तरी तो फरक मोकळ्या रंगात मुरून जातो. रंगवायचे पट्टे मग सहाच राहतात. भिंत १० फूट उंच असेल तर हे क्षेत्र ५५ चौरस फूट होते आणि दोन हातांसाठी एक लिटर इमल्शन पुरून उरते. टेपच्या बारा रेघा म्हणजे १२० फूट, साधारण ३७ मीटर. २० मीटरचे दोन रोल जेमतेम पुरतात, म्हणून तिसरा आणून ठेवावा. रंगांची निवड ज्याच्या त्याच्या आवडीची आहे, मात्र एकच खिडकी असलेल्या खोलीत एकाच रंगाच्या दोन छटा, त्यातही फिकी भिंत आणि तिच्याहून किंचित गडद पट्टा, मला सर्वांत शांत वाटतात.

खुणा छतापासून दोन इंच खाली कराव्यात. एक पट्टा मोजून त्याच्या टोकापासून पुढचा मोजण्याची चूक करू नये, कारण प्रत्येक वेळी अर्ध्या सुताची चूक झाली तरी तेराव्या पट्ट्यापर्यंत ती पाऊण इंचाच्या घरात जाते. मोजपट्टी डाव्या कोपऱ्याला एकदाच टेकवावी आणि साडेअकरा, साडेबावीस, साडेतेहेतीस, साडेचव्वेचाळीस अशा क्रमाने साडेएकशेबत्तीस इंचांपर्यंत बारा खुणा एका दमात कराव्यात.

प्रत्येक खुणेवरून ओळंबा (दोरीला बांधलेले वजन) सोडावा. दाराची चौकट सरळ असेलच असे समजून तिच्यावरून रेघ घेऊ नये. जुन्या घरांत चौकटी हमखास कललेल्या असतात. पंखा बंद करून खिडकी लावून घेतली तरी ओळंबा बराच वेळ झुलत राहतो. अशा वेळी त्याचे टोक पाण्याने भरलेल्या बादलीत बुडेल असे ठेवावे, म्हणजे तो लवकर स्थिरावतो. दोरी थांबली की तिच्यालगत वर, मध्ये आणि खाली अशा तीन खुणा करून लांब सरळ पट्टीने पेन्सिलची अगदी फिकी रेघ ओढावी. सुताराची गेरू लावलेली दोरी येथे वापरू नये आणि निळीची तर मुळीच नाही; दोन्हींचा रंग वरच्या इमल्शनमध्ये उतरतो. रेघा झाल्या की रंगवायच्या प्रत्येक पट्ट्याच्या मध्यभागी टेपच्या तुकड्याची फुली चिकटवावी. टेप नेहमी फुलीच्या पट्ट्याबाहेर, रेघेला लागून बसली पाहिजे. हे ध्यानात राहिले नाही तर एक पट्टा बारा इंचांचा आणि शेजारचा दहाचा होतो.

टेप लावण्याआधी भिंतीचा मूळ रंग तीन दिवस वाळलेला असावा. हाताला कोरडा लागणारा रंग आतून मऊ असू शकतो. टेप वरून खाली, अजिबात न ताणता लावावी. ताणलेली टेप नंतर आकसून रेघ सोडते. रंगाच्या बाजूची कड आधी अंगठ्याने आणि मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने वरपासून खालपर्यंत दाबून घ्यावी.

यानंतरची पायरी मी माझ्या घरच्या पहिल्या भिंतीवर गाळली होती. टेप घट्ट बसली आहे असे समजून थेट गडद रंग मारला आणि शेतात निकडीचे काम निघाल्याने टेप तिसऱ्या दिवशी काढली. पट्ट्यांच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या निघाल्या, शिवाय तीन ठिकाणी वाळलेल्या रंगाची साल टेपबरोबर सोलून आली. ती पूर्ण भिंत घासून पुन्हा रंगवावी लागली. म्हणून आग्रहाने सांगतो: टेपच्या आतल्या कडेवर आधी भिंतीच्या मूळ रंगाचाच एक पातळ हात द्यावा. टेपखाली जी काही फट असेल ती या रंगाने भरते, आणि जो रंग आत शिरतो तो भिंतीचाच असल्यामुळे दिसत नाही. तासाभरात तो वाळला की गडद रंगाला आत जायला वाट उरत नाही.

पट्ट्याचा रंग चार इंची रोलरने द्यावा. रोलर ट्रेमध्ये निथळून घ्यावा आणि टेपच्या कडेकडून पट्ट्याच्या आत फिरवावा. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्यावेत आणि त्यांच्यामध्ये डब्यावर दिलेला वेळ जाऊ द्यावा. दुसरा हात सर्व पट्ट्यांना एकदम देऊ नये. एक पट्टा पूर्ण करावा, त्याची ओली चकाकी ओसरू लागली की त्याच्या दोन्ही टेप काढाव्यात आणि मगच पुढच्या पट्ट्याला हात घालावा. टेपचे वरचे टोक नखाने सोडवून तिला तिच्यावरच उलटे दुमडावे आणि भिंतीशी तिरपा कोन ठेवून सावकाश खाली आणावे. बरोबर वेळ साधली असेल तर टेपमागून सुरीने कापल्यासारखी कड उघडी होत जाते. रंगाचा पातळ धागा टेपबरोबर ताणला जाताना दिसला तर जरा थांबावे. कड कडक होऊन सोलू लागली असेल तर टेपच्या कडेवरून नव्या पत्तीचा हलका काप देऊन मग ओढावे.

एवढे करूनही एखाद-दोन ठिकाणी रंग बाहेर आलेला सापडतोच. तो ओल्या फडक्याने पुसू नये, कारण डाग पसरतो. पूर्ण वाळल्यावर चित्रकलेच्या चपट्या, बारीक ब्रशने त्यावर योग्य बाजूचा रंग लावावा. या डागडुजीसाठी दोन्ही रंग थोडे-थोडे झाकणाच्या बाटल्यांत काढून, वर रंगाचा क्रमांक लिहून ठेवावेत. पुढच्या उन्हाळ्यात नवी चीर उघडली की तेच रंग पुन्हा लागतात.