इंटरव्ह्यूच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हटलं की काय विचारायचं

इंटरव्ह्यू संपत आला की समोरचा फाईल मिटता मिटता हे विचारतोच, आणि आपली मुलं "नाही सर, सगळं क्लिअर आहे" म्हणून उठतात. काही क्लिअर नसतं हो. पगार नक्की किती हातात येणार, शिफ्ट कुठली, पावसाळ्यात नोकरी राहणार का, हे सगळं घरी आल्यावर आईने विचारलं की आठवतं.

तयारी अशी करा. आदल्या दिवशी कागद घ्या आणि लिहा, काय कळलं तर मी ही नोकरी घेणार नाही? लाजायचं नाही, मनात येईल ते लिहायचं. तुमचे प्रश्न यातूनच निघतात. ज्याचं उत्तर काहीही आलं तरी तुमचा निर्णय बदलणार नाही तो प्रश्न खोडून टाका, नुसतं हुशार दिसायला विचारलेला प्रश्न समोरच्याला लगेच कळतो. कंपनीच्या वेबसाईटवर जे लिहिलंय तेही विचारू नका.

आता शब्द कसे लावायचे ते बघा, खरी गंमत इथे आहे. "तुमचं वर्क कल्चर कसं आहे?" विचारलं तर उत्तर ठरलेलं, "एकदम फॅमिलीसारखं". (फॅमिलीत ओव्हरटाईम मिळत नाही, तेव्हा जपून.) त्यापेक्षा मागे काय झालं ते विचारा. समजा आपल्या गोव्यात कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला जाताय, तर "ऑफ सीझनला काय असतं?" असं मोघम नको, "गेल्या जून ते सप्टेंबर या डिपार्टमेंटचे किती जण कामावर होते, पगार पूर्ण होता की ब्रेक दिला?" असं विचारा. गोल गोल बोलायला जागाच उरत नाही. जायच्या आधी त्या हॉटेलचे गूगल रिव्ह्यू पण वाचा, गेस्ट जर लिहीत असतील की चेक-इनला तासभर थांबवलं, तर प्रश्न तयार झालाच, "सीझनमध्ये एका शिफ्टला काउंटरवर किती माणसं असतात?"

चवथीचंही (गणेश चतुर्थीचंही) तसंच. "चवथीला सुट्टी मिळणार का?" म्हटलं की आल्या आल्या सुट्टी मागतोय असं वाटतं. "चवथीच्या आठवड्यात ड्युटी कशी लावता?" म्हटलं की तीच माहिती मिळते आणि कोणाला राग येत नाही. नाताळ ते न्यू इयर हॉटेलात रजा विसराच, ते विचारून वेळ घालवू नका.

वेर्णा किंवा कुंडई इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या फॅक्टरीत जाणार असाल तर पहिला प्रश्न, अपॉइंटमेंट लेटर कंपनीचं की कॉन्ट्रॅक्टरचं? मग गेल्या वर्षी कॉन्ट्रॅक्टवरच्या किती जणांना पर्मनंट केलं. आणि कंपनीची बस कुठपर्यंत येते, कारण रात्री अकराला सेकंड शिफ्ट सुटल्यावर वेर्ण्याहून वाळपईला कसं पोचायचं हे तुमचं तुम्हालाच बघावं लागतं.

पैशांचं पहिल्या राउंडला नको, एचआर बसले की विचारा, आणि सीटीसी (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) ऐकून खूश होऊ नका, ब्रेक-अप मागा, म्हणजे त्यात कशाचे किती धरलेत ते. बेसिक 12,000 असेल तर 12 टक्क्यांनी 1,440 तुमच्यातून पीएफला जातात, तेवढेच कंपनी घालते, आणि बरेचदा कंपनीचे 1,440 पण सीटीसीतच धरलेले असतात. म्हणजे 2,880 कागदावर दिसतात पण महिन्याला हातात येत नाहीत. पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयसीचं (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं) कार्ड कधी मिळणार तेही विचारून घ्या. बाँड (ठरावीक काळ नोकरी सोडायची नाही असा करार) आहे का, ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करावी लागतात का, नोटीस पिरियड किती, हे दोन मिनिटांत होतं.

म्हापशा-पणजीच्या छोट्या ऑफिसात मालक, एचआर, बॉस सगळं एकच माणूस असतो. तिथे माझ्या मते एक प्रश्न सगळ्यात भारी, "ही जागा नवीन आहे की कोणी सोडून गेलं?" विचारा आणि गप्प बसा. "आजची मुलं टिकतच नाहीत" अशी रड सुरू झाली की हळूच पुढचं विचारा, आधीचा माणूस किती महिने होता?

पाचेक प्रश्न लिहून न्या, दोन-तीनच विचारले जातील, बाकीच्यांची उत्तरं बोलण्यात आधीच येऊन जातात. डायरी उघडून बघितली तरी चालतं. घरी मोठ्याने म्हणून बघा मात्र, इंग्लिशमध्ये पण आणि कोकणीत पण, कारण सुरुवात इंग्लिशमध्ये झाली तरी गाडी कधी कोकणीवर येईल सांगता येत नाही.

बाहेर आलात की कदंबात (गोव्याच्या सरकारी बसमध्ये) बसल्या बसल्या मिळालेली उत्तरं मोबाईलमध्ये टाईप करून ठेवा. ऑफर लेटर आलं की शेजारी ठेवून वाचा, काही वेगळं दिसलं तर सही करायच्या आधी एचआरला मेल टाका, फोनवर नको.