कॅडोला जॉन बोट नेण्याआधी

मासे पकडायला टेक्सस-लुइझियाना सीमेवरच्या कॅडो लेकला जायचं ठरलं की आमची डॅलसची मंडळी आधी रॉडवर बोलतात, मग आमिषांवर, मग डब्यात काय घ्यायचं यावर. मोटरच्या पंख्याच्या पिनवर कोणी बोलत नाही. मीही बोललो नव्हतो, आणि मग सायप्रस झाडांच्या खुंटांमधून मासे उचलायच्या जाळीच्या दांड्याने बोट ढकलत परत आलो. म्हणून ही यादी. क्रम लावलेला नाही, जे आधी डोक्यात आलं ते आधी.

बोट बहुतेकांची उसनी किंवा सेकंडहँड असते, तेव्हा तिची आधी ओळख करून घ्या. जॉन बोट म्हणजे सपाट तळ, चौकोनी नाक, ॲल्युमिनियमचा पत्रा. तिच्या मापाचा आकडा 1436 म्हणजे 14 फूट लांब आणि तळाला 36 इंच रुंद. असली बोट वीतभर पाण्यातही तरंगते आणि कॅडोला तेच लागतं. सरोवर पंचवीस हजार एकरांचं असलं तरी सरासरी खोली आठ-दहा फूटच, आणि मार्चमध्ये बास (आपण ज्याच्यासाठी जातो तो मासा) अंडी घालायला जिथे येतो तिथे गुडघाभर पाणी. आतल्या बाजूला किती माणसं, किती वजन याची पट्टी असते, ती वाचा. बॅटरी, बर्फाची पेटी, नांगर, सगळं त्याच वजनात धरायचं. पट्टीवर तीन जण लिहिलेले असले तरी उभं राहून गळ टाकायचा असेल तर दोघंच. तिसऱ्याला वाईट वाटलं तर वाटू दे.

कागदपत्रं. 17 पूर्ण झालेल्या प्रत्येकाला फिशिंग लायसन्स हवं, नवरा-बायकोत एक चालत नाही. "नुसती बॅटरीची मोटर आहे, तिला कसलं रजिस्ट्रेशन?" असं मला दर वेळी कोणीतरी विचारतं. टेक्ससमध्ये बॅटरीच्या मोटरलाही लागतं, आणि नंबर बोटीच्या दोन्ही बाजूंना दिसला पाहिजे. सरोवर अर्धं टेक्ससमध्ये, अर्धं लुइझियानात, आणि बास किती इंचांचा ठेवता येतो याचा इथला नियम बाकी टेक्ससपेक्षा वेगळा आहे. आदल्या रात्री ताजा नियम वाचून घ्या. लाइफ जॅकेट माणशी एक. तेरा वर्षांखालच्या मुलाने ते चालत्या बोटीत अंगात घातलेलंच हवं, सीटखाली असून उपयोग नाही.

आता पिन. मागच्या फळीला लावायच्या बॅटरीच्या मोटरीत पंखा दांड्यावर थेट घट्ट बसवलेला नसतो. दांड्यात आडवी एक बारीक पिन असते, पंखा तिच्यावर अडकतो, वरून वॉशर आणि नट. पंखा खुंटावर आपटला की ती पिन मोडते किंवा वाकते. ती मोडण्यासाठीच असते, नाहीतर आतला दांडा वाकेल आणि मोटर जाईल. मोडली की मोटर नेहमीसारखी गुरगुरते, हँडल फिरवलं की आवाज वाढतो, आणि बोट जागची हलत नाही. नवखा माणूस अशा वेळी बॅटरीच्या वायरी तपासत बसतो. कॅडोच्या पाण्याखाली सायप्रसचे खुंट आणि वर आलेली मुळं इतकी आहेत की पिन मोडेल का, हा प्रश्नच नाही, कधी मोडेल एवढंच बघायचं. तेव्हा दोन पिना घ्या. एक नाही, दोन, कारण पहिली हातातून निसटून फळीखालच्या पाण्यात जाते. त्यांच्याबरोबर एक जादा नट, एक वॉशर आणि त्या नटाच्या मापाचा पाना. पाना घरीच लावून बघा, पक्कडीने तो नट हलत नाही. हे सगळं झिपच्या पिशवीत घालून पिशवी मोटरीच्या मानेला चिकटपट्टीने गुंडाळून टाका. आमिषांच्या डब्यात ठेवू नका, डबा बदलला जातो. पिनऐवजी खिळा घालू असा विचार मनात आला तर सोडून द्या. खिळा मोडणार नाही आणि मोटरच मोडेल.

पंखा काढलाच आहे तर त्याच्यामागे बघा. गळाचा दोरा दांड्याभोवती गुंडाळून बसलेला असतो, आणि तो हळूहळू रबरी सील कापतो. मग पाणी मोटरीत शिरतं. ब्लेडने दोरा कापून काढा, मग पिन, पंखा, वॉशर, नट. बदलायची तालीम घरी एकदा करा, आणि पाण्यावर असताना पंख्याला हात लावण्याआधी बॅटरीची वायर काढा.

बॅटरी: पूर्ण चार्ज, पेटीत, पट्ट्याने बांधलेली. 55 पौंड जोराची (थ्रस्टची) मोटर पूर्ण वेगात 50 अँपिअरच्या आसपास ओढते. 100 अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसेल तर पूर्ण वेगात तासभरसुद्धा नीट मिळत नाही. म्हणून जाताना हळू, आणि वापरायच्या चार्जपैकी निम्मा परतीला राखलेला. बॅटरीजवळ ब्रेकर हवाच. गवत पंख्यात अडकलं की मोटर जास्त करंट ओढते आणि वायर तापते.

गवताचं बोलायचं तर, मुळा-मुठेतली जलपर्णी पाहिलेल्यांना इथेही तीच दिसेल, पण खरा त्रास जायंट सॅल्व्हिनियाचा. ही मूळची ब्राझीलची वनस्पती 2006 मध्ये कॅडोत सापडली, आणि आता ती खाणारे भुंगे वाढवून सोडावे लागतात. तिच्या थरातून मोटर चालवूच नका. दांडा वर ओढून पंखा पाण्याच्या जरा खाली ठेवा, अडकलाच तर क्षणभर उलटा फिरवा, आणि थर आला की मोटर उचलून बांबू धरा. बांबू म्हणजे ढकलायचा दांडा, आठ-दहा फुटी, टोकाला रुंद. वल्हंही हवं, पण चिखलात वल्हं रुततं. पिन विसरलात तर बांबू वाचवेल, पण म्हणून पिन विसरायची सूट नाही.

वारा. सपाट तळाला पाण्यात धरून ठेवणारं काही नसतं, बोट आडवी सरकत जाते. कडाही बुटक्या. मार्चमध्ये उत्तरेचा थंड वारा अचानक सुटतो, त्या दिवशी उघड्या पाण्यात जाऊ नका, झाडांच्या आडोशाला राहा. बोटींच्या वाटांवर नंबरचे खांब आहेत, त्यांचा नकाशा कागदावर घ्या. मोबाइलची रेंज जाते, आणि स्पॅनिश मॉस लोंबणारं प्रत्येक झाड शेजारच्या झाडासारखंच दिसतं.

तळाला रबरी मॅट टाका. पत्र्यावर पक्कड पडली तर उथळ पाण्यातला बास तिथून गेलाच म्हणून समजा. सतरंजी नको, भिजून मणाची होते.

आमिषांवर मी वाद घालणार नाही. रॉड दोन पुरे: एकावर टेक्सस रिगमध्ये, म्हणजे गळाचं टोक अंगात लपवून लावलेला, रबरी किडा, झाडांच्या बुंध्याशी टाकायला, दुसऱ्यावर 50 पौंड ताण सोसणारी ब्रेडेड (विणलेली) लाइन आणि गवतावरून ओढायचा नकली बेडूक. पक्कड, टोपी, पाणी. उपासवाल्यांनी केळी आणू नयेत. बोटीत केळं अपशकुनी, असं इथले जुने गळवाले खरंच मानतात, आणि शेजारच्या बोटीतून कोणीतरी ओरडतंच.

रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर: तळाचं बूच. ट्रेलरचा मागचा पट्टा सोडा. बूच पुन्हा बघा. मोटरीच्या मानेवरची पिशवी हाताने चाचपून बघा, आत पिना आहेत ना? नुसती पिशवी नको.

परतताना बूच काढून सगळं पाणी तिथेच सोडायचं, माशांच्या टाकीतलंसुद्धा. टेक्ससमध्ये तो नियम आहे. ट्रेलरच्या चाकांत, पंख्यात, नांगराच्या दोरीत सॅल्व्हिनियाचं एक पानही राहू देऊ नका, ते दुसऱ्या पाण्यात नेणं गुन्हा आहे. दिवे, पट्टे, निघा. बॅटरी त्याच रात्री चार्जिंगला लावा. बाकी सकाळी.