मुलांच्या ताब्याचं वेळापत्रक: ‘पहिला आणि तिसरा शनिवार-रविवार’ नीट लिहा

वेगळे झालेले आई-बाबा वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात कन्सेंट टर्म्स (दोघांच्या संमतीने ठरलेल्या अटी) दाखल करतात, तेव्हा मूल ‘पहिल्या आणि तिसऱ्या शनिवार-रविवारी’ दुसऱ्या पालकाकडे, असं लिहितात. दाखल करण्याआधी ही ओळ कॅलेंडरवर ताडून बघा. 31 जानेवारी 2026 ला शनिवार होता, दुसऱ्या दिवशी 1 फेब्रुवारी. मग तो शनिवार-रविवार जानेवारीचा पाचवा, की फेब्रुवारीचा पहिला? आई-बाबा दोघंही आपापल्या परीने बरोबर, आणि मूल मध्ये अडकलेलं. म्हणून ‘आठवडा शनिवारच्या तारखेवरून मोजायचा’ असं स्पष्ट लिहा. पाचवा शनिवार कोणाचा, तेही तिथेच ठरवा.

सणांना इंग्रजी तारखा घालू नका. दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात. ‘लक्ष्मीपूजन सम वर्षी आईकडे, विषम वर्षी बाबांकडे, भाऊबीज त्याच्या उलट’ असं लिहिलं की दरवर्षीचा वाद मिटतो. गणपती ज्या घरी बसतो तिथे मूल किती दिवस राहणार, तेही लिहा. मे महिन्याची सुट्टी शाळेच्या यादीवरून दिवस मोजून निम्मी करा आणि ‘सण व सुट्टीची वाटणी नेहमीच्या शनिवार-रविवारपेक्षा वरचढ’ हे वाक्य विसरू नका. बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात.

रविवारी दुपारी दादर स्टेशनवर मूल सोपवायचं ठरवता, आणि नेमका मेगाब्लॉक असतो. त्यापेक्षा सोमवारी सकाळी थेट शाळेत सोडणं बरं. दप्तर आणि गणवेश मात्र शुक्रवारीच सोबत द्या.