भावंडांच्या रेगे बँडचा पहिला अल्बम: आधी ड्रम-बेस, मग बाकीचं

गाणी आठ-नऊ पुरेत. तबकडी काढायची असेल तर बारा इंची तबकडीची एक बाजू 18 ते 20 मिनिटांत संपवा. रेगे या जमैकन संगीतातल्या बेसला रुंद खाच लागते. बाजू लांबली की खाचांना जागा उरत नाही आणि सगळ्या गाण्यांचा आवाज उतरवावा लागतो.

रेगे ड्रम आणि बेसवर उभं असतं, म्हणून तालमीचे पहिले आठवडे या दोघांनाच द्या. क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) मिनिटाला 140 ते 150 वर ठेवा. ‘वन ड्रॉप’ ठेक्यात सम मोकळी सोडायची आणि किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) व स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) तिसऱ्या मात्रेवर एकदम वाजवायचे. स्नेअर बहुतेक वेळा क्रॉस-स्टिकने, म्हणजे काठी कातड्यावर आडवी ठेवून कडेवर मारायची. पॉप वाजवून आलेल्या मुलांचा पाय समेवर आपोआप पडतो आणि रेगेचा डोल तिथेच जातो. यावर उपाय एकच: फक्त हाय-हॅट (पायाने उघडमीट होणारी जोडझांज) आणि तिसरी मात्रा, दहा मिनिटं, एकही फिल (मधली भरणी) न घेता.

बेसला फ्लॅटवाउंड (सपाट वेटोळ्याच्या) तारा लावा, टोनचं बटण जवळजवळ बंद करा आणि मानेजवळ बोटाच्या मांसल भागाने छेडा. लहान हातांना 34 इंची बेस जड जातो, 30 इंची घ्या. सूर कुठे तोडायचा हे सूर कुठला यापेक्षा कमी महत्त्वाचं नाही. कार्लटन आणि अ‍ॅस्टन बॅरेट या वेलर्समधल्या (बॉब मार्लेच्या बँडमधल्या) ड्रम-बेसच्या जोडीतले दोघे सख्खे भाऊ होते. त्यांचं वाजवणं ऐकताना बेस कुठे गप्प बसतो तेवढंच मोजा.

गिटार दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, वरच्या तीन-चार तारांवर. कॉर्ड वाजली की डाव्या हाताची बोटं लगेच सैल करायची, पण तारांवरून उचलायची नाहीत. उचलली की मोकळ्या तारा गुणगुणतात. ऑर्गनचा उजवा हात गिटारबरोबर, डावा त्याच्या आगेमागे अर्ध्या मात्रांवर. हा ‘बबल’ मिक्समध्ये जाणवावा, पुढे येऊ नये.

ड्रम आणि बेस एकाच वेळी, एकमेकांना दिसतील असे बसवून रेकॉर्ड करा. बेस थेट डीआय बॉक्समधून (माइकशिवाय वाद्याचा सिग्नल घेणाऱ्या पेटीतून) घ्या, म्हणजे तो ड्रमच्या माइकमध्ये शिरत नाही. किकमध्ये घडी घातलेलं पांघरूण ठेवा.

गायक बारा-चौदा वर्षांचा मुलगा असेल तर वेळापत्रक त्याच्या गळ्यावर ठरवा. आवाज फुटायला लागला की दोन महिन्यांपूर्वीची पट्टी त्याला पेलत नाही, आणि पट्टी उतरवायची म्हणजे बेस, गिटार, ऑर्गन सगळं पुन्हा. म्हणून त्याच्या गाण्यांचा ठेका झाला की त्याच आठवड्यात त्याचं गायनही उरका. एका बैठकीला पाऊण तास पुरे. त्यापुढे गळा ताणला जातो आणि सूर ढळू लागतो. कोरससाठी सगळी भावंडं एकाच माइकभोवती उभी करा, दणदणीत आवाजाच्या भावंडाला एक पाऊल मागे. घरात एकत्र बोलून त्यांचे स्वर-उच्चार सारखे झालेले असतात. वेगवेगळं रेकॉर्ड केलंत तर ही सुंदर गोष्ट हातची जाते.

मिक्सिंग बेसपासून सुरू करा. गिटार आणि ऑर्गनमधलं साधारण 200 हर्ट्झखालचं कापा, तबकडीसाठी 100 हर्ट्झखालचं सगळं मोनो (डाव्या-उजव्या बाजूला सारखंच) ठेवा. क्लिक 150 वर असेल तर एक मात्रा 400 मिलिसेकंदांची. दीड मात्रेचा, म्हणजे 600 चा डिले (आवाजाचा उशिरा येणारा प्रतिध्वनी) सुंदर बसतो. तो ओळीच्या शेवटच्या शब्दापुरताच सोडा. सतत चालू ठेवला तर शब्द कळत नाहीत आणि समेवरची मोकळी जागाही भरून जाते.

एखाद्या गाण्याचं डब (ड्रम-बेसवर भर देऊन पुन्हा मिक्स केलेली आवृत्ती) जरूर करा. जमैकाचा ध्वनी-अभियंता किंग टबी याने मिक्सिंगचा टेबलच वाद्यासारखा वापरला, त्याच वाटेने: ड्रम-बेस चालू, बाकीचे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळा) खाली, मग गाण्याचा एखादा तुकडा वर आणून डिलेत सोडायचा. फेडर भावंडांनाच हलवू द्या.

जुनी रिडिम (आधीच्या गाण्याचा ड्रम-बेसचा साचा) वापरली असेल तर हक्कदाराची लेखी परवानगी हवी. आणि कोणत्या गाण्यात कोणाचा किती टक्के वाटा, हे रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर आणा, घरचेच असलात तरी.