स्टॅम्प कॉन्क्रीट: घड्याळ बघू नका, अंगठा लावा

सोसायटीच्या कंपाउंडला किंवा पार्किंगला दगडी फरशीचा लुक पाहिजे असेल तर स्टॅम्प कॉन्क्रीट करतात, म्हणजे ओल्या कॉन्क्रीटवर नक्षीचे रबरी मॅट आपटून दगडाचा ठसा उमटवतात. खालची जमीन दाबणं, ढाळ, लेव्हल हे येत असेलच, नसेल तर आधी साधी पीसीसी (सळईविना साधं कॉन्क्रीट) शिका. जाडी १०० मिमी, ग्रेड (कॉन्क्रीटची ताकद) एम२५, खडी १०-१२ मिमीचीच, मोठी खडी मॅटला आडवी येते. ओता, पट्टी मारून सपाट करा, रंधा (घासून गुळगुळीत करायची फळी) मारा.

आता खरी गोची. रंधा मारला की पाणी वर येतं, सगळं चकचकतं, ते पूर्ण जाईपर्यंत हात लावायचा नाही. आपले मिस्त्री काय करतात, पाणी दिसलं की सुकं सिमेंट भुरभुरवतात आणि म्हणतात झालं साहेब कोरडं. इथे असं केलंत तर वरचा पापुद्रा निघणार, लिहून घ्या. पाणी गेलं की कलर हार्डनर (वरचा थर रंगीत आणि कडक करणारी पावडर) भुरभुरवा, चौरस मीटरला साधारण ३ किलो, तीनपैकी दोन भाग आधी, ते ओलं होऊन गडद झालं की रंधा, मग उरलेला एक भाग आडव्या हाताने. वरून पाणी शिंपडायचं नाही, मिस्त्री ब्रश बुडवून उभाच असतो, त्याची बादलीच लपवून ठेवा.

मग मॅट कधी? "दोन तासांनी" म्हणणारे भेटतात. कुठले दोन तास? जानेवारीतले की मेमधले, ओपीसी सिमेंटचे की हळू घट्ट होणाऱ्या पीपीसीचे? अंगठा दाबा. ५-६ मिमी रुतला, ठसा तसाच राहिला आणि अंगठ्याला काही चिकटलं नाही, तर मारा.

आणि अंगठा एकाच जागी लावू नका. मुलुंडला एका सोसायटीत अर्धा पट्टा बिल्डिंगच्या सावलीत होता, अर्धा उन्हात, मी शहाणा सावलीत बसून अंगठा लावतोय, अजून मऊ आहे, चहा घेऊ. उन्हातल्या बाजूला पोचलो तेव्हा दोन पोरं मॅटवर धुमस आपटून दमली पण रेघ उमटेना. तेवढा भाग तोडून परत केला, माझ्या खिशातून. तेव्हापासून उन्हाकडून सुरुवात करतो आणि माणसं आवरू शकतील तेवढंच ओततो. ६ घनमीटरचा ट्रक म्हणजे या जाडीला ६० चौरस मीटर, नवीन टीमने ते एकदम अंगावर घेऊ नये.

मॅट मारायच्या आधी रिलीज पावडर (मॅट चिकटू न देणारी) टाका, नाहीतर मॅट रंग उचलून आणते. दुसऱ्या दिवशी २५ मिमी खोल जॉइंट (तडे सरळ रेषेतच जावेत म्हणून खाच) कापा, पावडर धुवा. गोणपाट टाकून पाणी मारू नका, रंगावर डाग बसतात, नंतरच्या सीलरशी (वरून मारायचा चकाकता संरक्षक थर) जमणारं क्युअरिंग कंपाउंड (आतलं पाणी उडू न देणारं द्रावण) वापरा.

सीलर भर पावसाळ्यात तर नाहीच, आत ओल अडकून पांढरट धुरकट होतं. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवा, सकाळी आतून घाम दिसला तर डबा उघडायचा नाही. सेक्रेटरी दिवाळीआधी चकाकायला पाहिजे म्हणतोच, म्हणू दे.