टार्गेटेड गोळी चालू असताना पित्ताची गोळी परस्पर घेऊ नका

कॅन्सरवरची टार्गेटेड गोळी (कॅन्सरच्या पेशींमधल्या ठराविक बिघाडावर नेम धरणारी) सुरू असताना जळजळ झाली की हात आधी घरातल्या ॲसिडिटीच्या गोळीकडे जातो. थांबा. डासाटिनिब, एर्लोटिनिब यांसारखी औषधं नीट विरघळायला पोटात आम्ल लागतं. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळ्या ते आम्ल दिवसभर कमी ठेवतात, म्हणून वेळा मागेपुढे करूनही भागत नाही. कॅन्सरची गोळी पोटात जाते, पण रक्तात पुरेशी उतरत नाही. बाहेरून हे कळतही नाही, खरा धोका तोच. अशी ॲसिडिटीची गोळी आधीपासून चालू असेल तर डॉक्टरांना नावानिशी सांगा. डासाटिनिबसोबत साधं अँटासिड (पोटातलं आम्ल तात्पुरतं शमवणारं औषध) चालू शकतं, पण डॉक्टरांना विचारून आणि किमान 2 तास आधी किंवा 2 तास नंतर.

जेवणाचा नियम प्रत्येक औषधाचा वेगळा. इमॅटिनिब जेवणासोबत, मोठा ग्लास भरून पाण्याबरोबर. निलोटिनिबच्या कॅप्सूलआधी 2 तास आणि नंतर 1 तास काही खायचं नाही. अन्नामुळे औषध रक्तात जास्त चढतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. ग्रेपफ्रूट दोन्हींबरोबर वर्ज्य.

डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. उलटी झाली तर लगेच दुसरी गोळी न घेता डॉक्टरांना फोन करा.