टाइल्स लावण्याआधी रात्रभर दाब धरा: बाथरूमची पाइपलाइन स्वतः टाकताना

बाथरूम फोडायला घेतलं आहे म्हणजे सोसायटीची परवानगी, डेब्रिजच्या गोण्या आणि खालच्या घरात आगाऊ सांगणं हे सगळं उरकलं आहे, असं धरून चालतो. गच्चीवरच्या टाकीतून येणारा इमारतीचा उभा पाइप आणि महापालिकेची जोडणी यांना हात लावायचा नाही. ते काम परवाना असलेल्या प्लंबरचं. आपलं काम बाथरूमच्या मेन कॉकपासून पुढचं.

सामानात कसर करू नका. पाइप सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा; त्यावर आयएस १५७७८ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असायला हवा. गरम पाण्याला एसडीआर ११ चा जाड पाइप लागतो (एसडीआर म्हणजे पाइपचा व्यास भागिले त्याची जाडी, आकडा लहान तेवढा पाइप जाड), थंडला १३.५ चालतो, पण मी दोन्हीकडे ११ च वापरतो, कारण दोन जातींचे पाइप घरात असले की घाईत अदलाबदल होते. मुंबईच्या लोहार चाळीच्या बाजारातून आणा नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातून. पाइप, फिटिंग आणि सोल्युशन (जॉइंट चिकटवायचं द्रावण) मात्र एकाच कंपनीचं घ्या.

पाइप बसवायला भिंतीत झिरी मारा, कॉलम आणि बीम सोडून. मिक्सरचे दोन पॉइंट मध्यापासून मध्यापर्यंत सहा इंच, गरम डावीकडे.

जॉइंट मारताना पाइप काटकोनात कापा, आतली-बाहेरची कूस काढा आणि कोरडं पुसून घ्या. सोल्युशन पाइपवर भरपूर, फिटिंगच्या आत पातळ. पाव वळसा देत पाइप तळाला टेकेपर्यंत दाबा आणि अर्धा मिनिट सोडू नका, कारण ओला जॉइंट पाइपला परत बाहेर ढकलतो. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत सोल्युशन सावकाश धरतं, म्हणून पूर्ण एक दिवस पाणी सोडू नका. नळाच्या ठिकाणी पितळी आट्यांचेच एल्बो वापरा आणि आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळा. सफेदा आणि सुतळी जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपसाठी होती, सीपीव्हीसीला ती नको.

आता खरं काम. "कॉक उघडून बघा, गळत नाही ना? मग लावा टाइल्स." हा सल्ला मला गवंड्याने दिला, दुकानदाराने दिला, शेजाऱ्यांनीही दिला. मुलुंडच्या घरात पहिल्यांदा पाइपलाइन टाकली तेव्हा मी तो ऐकला. संध्याकाळभर पाणी सोडून ठेवलं, एक थेंबही दिसला नाही. दुसऱ्या दिवशी टाइल्स लागल्या. तीन आठवड्यांनी खालच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, "जरा आमच्याकडे येऊन छत बघता का?" त्यांच्या छतावर परातीएवढा ओला डाग पडला होता. शॉवरखालच्या एका एल्बोत पाइप तळापर्यंत गेलाच नव्हता. नव्या टाइल्स फोडाव्या लागल्या, तेच डिझाइन पुन्हा मिळालं नाही, आणि काकूंच्या छताचा रंग सुकेपर्यंत मला जिन्यात त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

तो जॉइंट पहिल्या दिवशी का गळला नाही? टाकीतलं पाणी माझ्या शॉवरपासून साधारण बारा मीटर उंच. दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटीमीटरवर एक किलो, म्हणजे दाब जेमतेम सव्वा किलो. एवढ्यावर कच्चा जॉइंटही तग धरतो. पुढे रोज गिझरचं गरम पाणी फिरलं, पाइप लांबला-आखडला, आणि जॉइंट सुटला.

म्हणून टेस्टिंगचा हातपंप आणा. प्लंबर मंडळींकडे तो भाड्याने मिळतो. त्यावरचं दाबाचं घड्याळ (प्रेशर गेज) चालू आहे ना, ते आधी बघा. गिझर जोडलेला ठेवू नका, हा दाब त्याच्या टाकीसाठी नाही. गिझरच्या जागी गरम आणि थंड पॉइंट एका नळीने जोडा, म्हणजे दोन्ही लाइन एकदमच तपासल्या जातात. बाकी सगळीकडे एंड प्लग.

सगळ्यांची चूक होते ती पुढे. लाइनमध्ये हवा राहिली तर काटा काही खरं सांगत नाही. सगळ्यात वरचा प्लग, बहुधा शॉवरचा, सैल ठेवून पाणी भरा. फुसफुस थांबून सलग धार आली की मगच आवळा. मग सावकाश दाब वाढवत दहा किलोपर्यंत न्या आणि रात्रभर तसाच धरा. हवेच्या कॉम्प्रेसरने टेस्ट करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. दाबलेल्या हवेने प्लास्टिकचा पाइप फुटला तर त्याचे तुकडे उडतात.

काटा उतरतोय आणि ओल कुठेच नाही, असं झालं तर जॉइंट फोडायला धावू नका. मी एकदा तीन धडधाकट जॉइंट कापले होते. दोष जुन्या मेन कॉकचा होता. बंद असूनही तो पाणी मागे सोडत होता. आता मी लाइन मेन कॉकपासून सोडवतो, तिथेही प्लग लावतो आणि मगच पंप मारतो. रात्रीच्या गारव्याने काटा किंचित हलला तर चालेल. सकाळी तो किलोभर खाली आला असेल तर गळती आहेच. कोरड्या टिश्यूने एकेक जॉइंट पुसत जा, ओला लागेल तो कापून नवा मारा आणि रात्रभराची टेस्ट पुन्हा पहिल्यापासून करा. गवंडी खोळंबला तर खोळंबू द्या.

टेस्ट पास झाली की भिंतीवर मापाची टेप धरून प्रत्येक झिरीचे फोटो काढा, पुढे ड्रिल मारताना लागतात. पंप मात्र लगेच काढू नका. दाब चार-पाच किलोवर आणा आणि प्लास्टर, टाइल्स पूर्ण होईपर्यंत घड्याळ लाइनवरच राहू द्या. गवंड्याची छिन्नी पाइपला लागली तर काटा त्याच क्षणी पडतो, आणि भिंत अजून उघडी असते.